बोटाच्या टोकाची नक्कल

शिक्षकाच्या खिशात साधारणपणे काय काय असते? दोन किल्ल्या, थोडी नाणी, घडी घातलेली एखादी पावती आणि खडूचा तुकडा. शिकवता शिकवता हात खिशात जातो आणि खडू घेऊन बाहेर येतो. डोळे वर्गावर असतात, बोलणे चालू असते. बोटांनी किल्ली बाजूला सारली, नाणे ओळखून सोडून दिले, पावती चुरगळू दिली नाही आणि ठिसूळ खडू न मोडता उचलला, याची आपल्याला खबरही नसते.

हेच काम यंत्राला सांगितले तर? १९९७ साली 'डीप ब्लू' या संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला सामन्यात हरवले. त्या सामन्यात संगणकाच्या वतीने पटावरची मोहरी हलवायला एक माणूस समोर बसलेला होता. ठरलेल्या घरातून ठरलेले मोहरे उचलणारा यांत्रिक हात तेव्हाही करता आला असता. पण अनोळखी खिशातून खडू शोधून काढणारा हात करता आला नसता. आजही ते काम सोपे नाही. बोटाच्या टोकाची नक्कल करण्याची खटपट साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहे. ती इतकी लांबली याचे कारण समजून घ्यायचे, तर आधी बोटाकडेच पाहावे लागते.

लाइपझिग विद्यापीठातील प्राध्यापक अर्न्स्ट हाइनरिश वेबर यांनी १८३४ साली स्पर्शावर लॅटिनमध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे मुख्य उपकरण होते कर्कटक, म्हणजे आपल्या कंपासपेटीतले दोन टोकांचे साधन. त्यांचा प्रयोग कोणत्याही वर्गात करता येतो. कर्कटकाची टोके टोचणार नाहीत एवढी बोथट करावीत (त्याऐवजी केसांची पिन वाकवून घेतली तरी चालते). विद्यार्थ्याला डोळे मिटायला सांगावे आणि दोन्ही टोके एकदम त्वचेवर अलगद टेकवून 'एक की दोन?' असे विचारावे. मधूनमधून एकच टोक टेकवावे, म्हणजे अंदाजाने उत्तरे देणारे उघडे पडतात. बोटाच्या टोकावर दोन बिंदूंमध्ये सुमारे २ मिलिमीटर अंतर असले तरी ते दोन म्हणून कळतात. पाठीवर मात्र ६ सेंटिमीटर अंतरावरची दोन टोकेही पुष्कळदा एकच वाटतात. आम्ही हा प्रयोग जेव्हा जेव्हा केला आहे, तेव्हा पाठीचा निकाल मोजपट्टीवर दाखवल्याखेरीज विद्यार्थ्यांनी तो मान्य केलेला नाही.

गंमत अशी, की वेबरच्या आधी पाच वर्षे, १८२९ साली, पॅरिसमधील एका अंध तरुणाने आपल्या लिपीचे पुस्तक छापले होते. लुई ब्रेलच्या लिपीतील शेजारशेजारच्या ठिपक्यांमधले अंतर साधारण अडीच मिलिमीटर असते, म्हणजे वेबरला सापडलेल्या मर्यादेच्या जरासेच वर. ब्रेलने ते कोणत्याही कर्कटकाशिवाय, स्वतःच्या बोटांनी ठरवले होते.

बोटाच्या कातडीखाली काय दडले आहे, हे त्याच सुमारास हळूहळू उजेडात येत होते. १८३१ साली इटलीतील पिस्तोइया गावी फिलिप्पो पाचिनी हा १९ वर्षांचा विद्यार्थी एका हाताचे विच्छेदन करत होता. तळव्यातील चेतातंतूंना चिकटलेले बारीक पांढुरके दाणे त्याला दिसले. ते जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे, नुसत्या डोळ्यांनीही दिसणारे होते. जर्मनीतील आब्राहाम फाटर यांनी ते शतकभर आधी पाहिले होते, पण लोक विसरून गेले होते. सूक्ष्मदर्शकाखाली हा दाणा कांद्यासारखा दिसतो, एकावर एक पापुद्रे आणि मधोमध चेतातंतूचे टोक. (पाचिनीच्या नशिबी उपेक्षाच फार. १८५४ साली त्याने पटकीचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांचे वर्णनही केले, परंतु त्या शोधाचे श्रेय पुढे अनेक वर्षे रॉबर्ट कॉख यांच्याच नावावर राहिले.) मग १८५२ मध्ये माइस्नर आणि वाग्नर यांनी, १८७५ मध्ये मेर्केल यांनी आणि शतकाच्या अखेरच्या दशकात रुफिनी यांनी त्वचेतल्या आणखी निरनिराळ्या रचना दाखवल्या. नावे मिळाली, चित्रे काढली गेली. पण यांतली कोणती काय काम करते, हे चित्रावरून कळत नव्हते.

ते कळायला १९६० चे दशक उजाडावे लागले. स्वीडनमधील उप्साला येथे कार्ल-एरिक हागबार्थ आणि ओके वाल्बो यांनी टंगस्टनची अतिशय बारीक सुई जागत्या माणसाच्या दंडातील चेतातंतूत खुपसून एकेका तंतूतून जाणारे विजेचे ठोके ऐकण्याची पद्धत बसवली. ही सुई त्यांनी आधी एकमेकांना टोचून घेतली होती. पुढे उमेओ येथे वाल्बो आणि रोलंड योहानसन यांनी याच पद्धतीने हाताचा तळवा कानाकोपऱ्यासह तपासला. एका तळव्यात सुमारे १७,००० स्पर्शतंतू असतात असा त्यांचा हिशेब निघाला. बोटाच्या टोकाशी दर चौरस सेंटिमीटरला दोनशेहून अधिक.

हे तंतू चार जातींचे निघाले, आणि पुढच्या सगळ्या हकिकतीची किल्ली इथे आहे. काही तंतू दाब आहे तोवर ठोके देत राहतात. त्यांना आपण चिवट म्हणू. काही तंतू दाब पडताना आणि उठताना तेवढे ठोके देतात, मध्ये गप्प बसतात, ते चपळ. मनगटावरचे घड्याळ बांधताना जाणवते आणि दोन मिनिटांत विसरायला होते, यामागे इतर कारणांबरोबर या चपळांचे गप्प बसणेही आहे. मेर्केलच्या पेशींशी जोडलेले तंतू चिवट असून ते कड, टोक, आकार सांगतात. माइस्नरचे तंतू चपळ. वस्तू सरकू लागली की आधी ते ओरडतात. पाचिनीचे तंतू चपळ आणि कमालीचे हळवे; सेकंदाला दोनशे ते तीनशे वेळा होणारे कंपन त्यांना सर्वांत चांगले कळते. चौथी जात चिवट असून ती कातडीचा ताण ओळखते. तिचा संबंध रुफिनीच्या रचनेशी जोडतात, पण बोटाच्या टोकात त्या रचना फारशा सापडत नसल्याने हे नाते वादात आहे. बोटाच्या टोकात भरणा आहे तो चपळांचा. म्हणजे बोट प्रामुख्याने मोजते तो दाब नव्हे, तर दाबातला बदल.

आता वेगळ्याच वाटेने आलेल्या एका माणसाकडे वळू. पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगामुळे सडून गळतात, असा तेव्हा डॉक्टरांचाही समज होता. ब्रँड यांनी सांगितलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. एका गंजलेल्या कुलपात त्यांना किल्ली फिरवता येईना. शेजारी उभ्या असलेल्या दहा-एक वर्षांच्या किरकोळ अंगाच्या रोगी मुलाने ती झटक्यात फिरवली. मुलाचा हात पाहिला, तर किल्लीने बोट हाडापर्यंत कापले होते आणि मुलाला त्याचा पत्ता नव्हता. मुलगा बलवान नव्हता. आपण सगळेच तेवढा जोर लावू शकतो. आपले बोट आपल्याला लावू देत नाही, एवढेच. काही रोग्यांची बोटे रात्रीतून तोकडी होत, त्याचे कारण शोधले तेव्हा झोपेत उंदीर कुरतडतात असे निघाले. मग रोग्यांना मांजरे देण्यात आली. बोटे रोगाने झडत नाहीत, स्पर्श आणि वेदना गेल्यामुळे होणाऱ्या रोजच्या जखमांनी झडतात, हे ब्रँड यांनी दाखवून दिले. आनंदवनासारख्या ठिकाणी ज्यांनी काम पाहिले आहे, त्यांना गरम चहाचा पेला आणि चुलीतले लाकूड यांचा धोका वेगळा सांगायला नको.

ब्रँड १९६६ साली अमेरिकेत लुइझियाना राज्यातील कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले. तिथे इंजिनियरांना हाताशी धरून त्यांनी एक हातमोजा करायला घेतला. बोटांच्या जागी दाब मोजणारे संवेदक बसवायचे आणि दाब धोक्याच्या पातळीवर गेला की रोग्याला इशारा द्यायचा. संवेदक महाग आणि नाजूक. ते वारंवार बिघडत. केवढा दाब धोक्याचा, हेही एका आकड्यात सांगता येईना, कारण हलका दाबही शंभरदा त्याच जागी पडला तर जखम करतो. इशारा म्हणून आधी आवाज वापरला, तर रोगी तो कानाआड करत. मग जिथे संवेदना शाबूत होती अशा काखेत विजेचा झटका द्यायची सोय केली. तेव्हा रोगी अवघड काम आले की यंत्र बंद करत, काम उरकत आणि पुन्हा चालू करत. ब्रँड यांनी अखेर तो प्रकल्प सोडून दिला आणि १९९३ साली आपल्या पुस्तकात या अपयशाची हकीकत मोकळेपणाने लिहिली. आमच्या मते कृत्रिम स्पर्शाच्या इतिहासातले हे सर्वांत शिकवणारे प्रकरण आहे, आणि यंत्रमानवांवरच्या पुस्तकांत ते बहुधा आढळत नाही.

यंत्रमानवांच्या बाजूने सुरुवात झाली ती १९६१ साली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हाइनरिश अर्न्स्ट या विद्यार्थ्याने संगणकाला जोडलेला एक यांत्रिक हात केला. त्याला डोळे नव्हते. टेबलावर चाचपडत तो ठोकळे शोधी, खोके शोधी आणि ठोकळे खोक्यात टाकी. त्यानंतर वीस वर्षे या क्षेत्रात फार थोडे घडले. कॅमेरे स्वस्त होत गेले आणि संशोधक दृष्टीच्या मागे लागले.

लिऑन हार्मन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास जाणकारांना विचारून यांत्रिक बोटाला काय काय हवे याची यादी केली. दर एक-दोन मिलिमीटरला एक संवेदक, एका बोटावर पन्नास ते दोनशे, एका ग्रॅमचे वजन कळावे, आणि उत्तर काही मिलिसेकंदांत मिळावे. ही यादी पुढे अनेकांनी प्रमाण मानली. नीट पाहिले तर ती कॅमेऱ्याची यादी आहे. ठिपके किती, किती जवळ, किती संवेदनशील? जणू बोट म्हणजे दाबाचा फोटो काढणारे यंत्र. हार्मन हे लिंकनच्या चेहऱ्याचे मोजक्या चौकोनांत केलेले चित्र लोकांना ओळखता येते, या प्रयोगासाठी आधीच प्रसिद्ध होते, हा निव्वळ योगायोग नसावा.

ही यादी पुरी करणारे बोट लवकरच आले. डॅनियल हिलिस या विद्यार्थ्याने १९८२ मध्ये बोटाच्या टोकाएवढ्या जागेत २५६ संवेदक बसवल्याचे जाहीर केले. खाली छापील परिपथाच्या समांतर पट्ट्या, वर त्यांना काटकोनात जाणाऱ्या वीजवाहक रबराच्या रेषा, आणि दोहोंमध्ये नायलॉनच्या विरविरीत मोज्यासारखी जाळी. दाब पडला की रबर जाळीच्या भोकांतून खाली टेकते. जितका दाब जास्त तितकी टेकलेली जागा मोठी आणि विजेला होणारा रोध कमी. १६ उभ्या आणि १६ आडव्या रेषांमुळे २५६ बिंदूंसाठी फक्त ३२ तारा पुरतात. ही युक्ती फुकट मिळत नाही. आयताचे तीन कोपरे दाबले तर वीज आडवाटेने फिरून चौथा कोपराही दाबल्याचा भास होतो. तो टाळायला वाचन चालू नसलेल्या सगळ्या रेषा शून्य व्होल्टवर धरून ठेवाव्या लागतात. वरच्या इयत्तांना हा परिपथ काढायला द्यावा, रोधांच्या जोडणीचा चांगला सराव होतो. हिलिसचे बोट वस्तू दाबून, घोळवून नट, बोल्ट, वायसर, खिळी वेगवेगळे ओळखत असे.

आणि तरीही कारखान्यातल्या यंत्रमानवांना स्पर्श मिळाला नाही. कारण उचलण्याच्या कामात फोटोपेक्षा दुसरेच काही लागते. ते काय, हे योहानसन आणि वेस्टलिंग यांनी १९८४ साली दाखवले. त्यांनी लोकांना चिमटीने एक छोटी वस्तू उचलायला दिली. तिच्या बाजूंना कधी सँडपेपर लावला, कधी मऊ चामडे, कधी रेशीम. रेशीम निसरडे, म्हणून ते जास्त घट्ट धरावे लागते. लोक प्रत्येक वेळी वस्तू निसटू नये यासाठी लागणाऱ्या किमान जोरापेक्षा थोडासाच जास्त जोर लावत. वस्तू तीळभर सरकली तर सेकंदाच्या साधारण चौदाव्या हिश्शात पकड आपोआप घट्ट होई, आणि बरेचदा धरणाऱ्याला ते कळतही नसे. बोटे औषधाने बधिर केली की हे सारे बिघडे. हाताचे स्नायू तेच, डोळे उघडे, तरी वस्तू निसटे किंवा उगाच चेपली जाई.

म्हणजे हवे होते ते घसरण्याचे कान. १९८९ साली स्टॅनफर्डमधील रॉबर्ट हाऊ आणि मार्क कटकोस्की यांनी यंत्राच्या बोटावर बारीक फुगवट्यांची रबरी कातडी चढवली आणि तिच्या आत त्वरणमापक बसवला. वस्तू सरकू लागताच फुगवटे एकेक करून सुटून थरथरतात आणि ती थरथर त्वरणमापकाला कळते. इटलीत पिसा येथे पाओलो दारिओ आणि सहकाऱ्यांनी पीव्हीडीएफ या प्लास्टिकची कातडी केली होती. हे प्लास्टिक दाबले की त्यावर विद्युतभार येतो, पण तो हळूहळू ओसरतो. त्यामुळे स्थिर दाब त्याला कळत नाही, बदल कळतो. अभियंत्यांनी हा दोष मानला. पाचिनी आणि माइस्नर यांचे तंतू नेमके असेच वागतात! दोन थरांच्या त्या कातडीत दाबाबरोबर उष्णताही कळे, आणि दोहोंचे संकेत वेगळे काढणे हीच डोकेदुखी होऊन बसे.

बोटांच्या ठशांचे कोडेही असेच उलगडले. २००९ साली पॅरिसमधील एका गटाने सपाट आणि रेघोट्यांची अशा दोन कृत्रिम बोटांची तुलना केली. हिशेब सोपा आहे. ठशांच्या रेघांमधले अंतर सुमारे अर्धा मिलिमीटर. आपण कापडाचा पोत पाहताना बोट सेकंदाला साधारण १० सेंटिमीटर फिरवतो. १०० मिलिमीटर भागिले ०.५ म्हणजे सेकंदाला २०० कंपने, आणि पाचिनीच्या कांद्याला हीच वारंवारता आवडते. रेघोट्यांच्या बोटात या वारंवारतेची कंपने कितीतरी पट वाढलेली आढळली. बोट न फिरवता नुसते ठेवले तर पोत कळत नाही, हे डाव्हिड काट्स यांनी १९२५ मध्येच लिहून ठेवले होते. ठशांचे काम एवढेच आहे असे मात्र समजू नये. २०२१ साली उमेओच्या गटाने एकेक तंतू ठशाच्या जवळजवळ एका रेघेइतका तपशील टिपतो असे दाखवले आहे.

दक्षिण कॅलिफोर्नियातील जेराल्ड लोब यांच्या गटाने केलेल्या 'बायोटॅक' या बोटात हे सारे एकत्र आले. मध्ये कठीण 'हाड', त्यावर १९ विद्युतअग्रे, भोवती वीजवाहक द्रव आणि बाहेर ठसे असलेली रबरी कातडी. दाबले की द्रवाचा थर पातळ होतो आणि अग्रांमधला रोध बदलतो. कंपने द्रवातून आतल्या दाबमापकाला पोचतात. आणि हाड किंचित गरम ठेवलेले असल्याने धातू लाकडापेक्षा गार का लागतो ते यंत्रालाही कळते. नाजूक सामान सगळे हाडात, म्हणजे कातडी फाटली तरी नुकसान थोडे. २०१२ साली या बोटाने ११७ निरनिराळे पृष्ठभाग घासून पाहिले आणि सुमारे ९५ टक्के वेळा बरोबर ओळखले.

कॅमेऱ्याची कल्पना चुकीची होती असे म्हणावे, तर एमआयटीतील एडवर्ड अॅडेलसन आणि मायका जॉन्सन यांनी २००९ मध्ये खरोखरच बोटात कॅमेरा घातला! पारदर्शक मऊ जेलच्या लादीवर चकचकीत रंगाचा थर, आत निरनिराळ्या दिशांनी वेगवेगळ्या रंगांचे दिवे, मागे कॅमेरा. वस्तू जेलमध्ये रुतली की प्रत्येक उताराला त्याच्या दिशेचा रंग चढतो आणि रंगांवरून उठाव मोजता येतो. तारांचे जंजाळच संपले. २०१४ साली या 'जेलसाइट' बोटाने यंत्रमानवाकडून लोंबती यूएसबी पिन तिच्या खाचेत बसवून घेतली.

जेलच्या या बोटाची आणि हिलिसच्या रबराची अडचण मात्र एकच आहे. बोट वापरायचे म्हणजे ते घासले जाणारच. गवंड्याच्या, धुणे धुणाऱ्याच्या, टाईप करणाऱ्याच्या बोटाचे कातडे रोज झिजते आणि साधारण महिन्याभरात वरचा थर खालून नवा येतो. संवेदक शाबूत राहतात. २०१२ साली स्टॅनफर्डमध्ये झेनान बाओ यांच्या गटाने निकेलचे कण मिसळलेले एक पॉलिमर केले. ते कापून तुकडे पुन्हा जुळवून धरले तर साध्या तपमानाला अर्ध्या तासात सांधते. ते सांधते, पण वाढत नाही. घासून गेलेला थर काही परत येत नाही. त्यामुळे जेलसाइटचे जेल झिजले, फाटले की ते काढून नवे बसवतात, सायकलच्या ब्रेकचे रबर बदलतात तसे.